युरेच्या वाट्याचं इसबगोल

स्पीअरवुड उपनगरातल्या निम्म्या पुरुषांच्या कमरा नेवेंका राडोनिचला तोंडपाठ होत्या. खाटीक आणि चाव्या करणारा यांच्या मधल्या गाळ्यात तिचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं आणि तिथं ती एकतीस वर्षं बसत होती. लग्नात शिवलेला कोट पंचवीस वर्षांनी मुलीच्या लग्नात घालायचा असला, की माणसं तो काखोटीला मारून तिच्याकडे येत. "धुऊन धुऊन आटलाय बघ," असं गिऱ्हाईक म्हणालं की नेवेंका गंभीरपणे मान डोलवायची आणि बाजूची शिवण उसवायला घ्यायची. कुणाची कमर किती वाढली हे तिनं कधी तिसऱ्या माणसाला सांगितलं नाही.

घरी मात्र तिची जीभ मोकळी होती, कारण घरी होता युरे, तिचा भाऊ, तिच्याहून दोन वर्षांनी मोठा. दोघांचे वडील दूर समुद्रापारच्या दाल्मातियातल्या एका बेटावरून इथे आले आणि त्यांनी चुनखडीच्या या जमिनीत टोमॅटो, कांदे, फुलकोबी पिकवली. त्यांच्यामागे युरेनं चाळीस वर्षं तीच जमीन कसली. मग सगळ्या शेजाऱ्यांनी विकली तशी त्यानंही विकली. शेताच्या जागी सारख्या तोंडावळ्याची घरं उभी राहिली. मधोमध यांचं जुनं विटांचं घर आणि मागची भाजीची एक पट्टी तेवढी उरली. शेत गेलं, भूक मात्र शेतावरचीच राहिली. सकाळी सॉसेज आणि पाव, दुपारी वाळवलेल्या मांसाचे जाड काप, रात्री तेलात निथळणारा बटाटा. बायको कर्करोगानं गेल्यापासून त्याला टोकणारं कुणी नव्हतं. एकुलती मुलगी मिर्ना दूर उत्तरेला जेराल्डटनला शाळेत शिकवायची. आणि नेवेंका टोकायची ती तोंडानं. हातानं ती त्याच्या ताटात आणखी एक काप वाढत असायची.

२००९च्या फेब्रुवारीत तिच्या डॉक्टरांनी तिला सांगितलं की कोलेस्टेरॉल सहा पॉइंट सहा आहे, साडेपाचच्या आत हवं. आता थोडं बघू, नाहीतर गोळ्या सुरू करू. ती हादरली. आई पक्षाघातानं गेली होती, आठ महिने अंथरुणात. पण गोळ्यांचंही तिला भय होतं. तिची एक गिऱ्हाईक, लोर्ना, त्या गोळ्यांनी पोटऱ्या धरल्या म्हणून दुकानाच्या दोन पायऱ्यासुद्धा कठड्याला धरून चढायची. त्याच आठवड्यात फुकट वाटल्या जाणाऱ्या वर्तमानपत्रात तिला एक चौकट दिसली. विद्यापीठाला वजन जास्त असलेली माणसं हवी होती. इसबगोलाची भुकटी बारा आठवडे घेऊन कोलेस्टेरॉल उतरतं का, ते त्यांना पाहायचं होतं.

"आपण दोघं जाऊ," ती युरेला म्हणाली.

"मला कशाला ओढतेस? मला काय झालंय?"

"तुझ्या पँटी कोण सैल करतं, युरे?"

"म्हणजे घरातच फितुरी." त्यानं पावाचा तुकडा तेलात बुडवला. "कुणीतरी गाडी चालवायला हवं म्हणून येतो. तू त्या मोठ्या रस्त्याला लागलीस की बाकीच्यांचं कोलेस्टेरॉल वाढतं."

विद्यापीठात टॅम्झिन नावाची मुलगी होती. सत्तावीस वर्षांची, नाकावर तांबूस ठिपके, आणि बोलताना हातातलं पेन सारखं उघडमीट करायची सवय. हा अभ्यास म्हणजे तिचं स्वतःचं पहिलं मोठं काम होतं. तिनं दोघांची वजनं घेतली, पोटाचा घेर मोजला. "टेप जरा वर धरलीस, पोरी," नेवेंकानं न राहवून तिला सांगितलं, आणि टॅम्झिननं हसून टेप खाली घेतली. युरे एकशे चार किलो भरला, नेवेंका शहाऐंशी. युरेच्या रक्तात कोलेस्टेरॉल निघालं सात पॉइंट चार.

"हे जास्त आहे," टॅम्झिन म्हणाली. "बारा आठवड्यांनी पुन्हा बघू. पण आता नीट ऐका. दोन तऱ्हांच्या पुड्या आहेत. एकीत इसबगोल, दुसरीत नुसती तांदळाची पिठी. कुणाला काय मिळालंय ते तुम्हाला कळणार नाही आणि मलाही माहीत नाही. रोज तीन पुड्या, जेवणाआधी, पाण्यातून. रिकाम्या पुड्या खोक्यात घालून परत आणायच्या. आणि तुम्ही एका घरात राहता, म्हणून मुद्दाम सांगते. खोकी वेगळी ठेवा. एकमेकांची पुडी चुकूनसुद्धा घेऊ नका."

"माझ्या बहिणीच्या पुढ्यातलं आजवर कुणी उचललेलं नाही," युरे म्हणाला. "हात शाबूत राहत नाही."

पहिल्याच दिवशी सगळं उघडं पडलं. नेवेंकाच्या पेल्यात पिठी ढवळली तर पाणी पांढुरकं झालं आणि खाली गाळ बसला. युरेनं आपली पुडी पाण्यात टाकली, तेवढ्यात फोन वाजला म्हणून तो उठला, आणि परत येऊन बघतो तर पेल्यात चमचा उभा. भिंतीला कागद चिकटवायची खळ असते, तसं काहीतरी झालं होतं. त्यानं नाक धरून ते घशाखाली ढकललं.

"हे बेडकाच्या अंड्यासारखं लागतं."

"म्हणजे तुला खरं मिळालंय," नेवेंका म्हणाली. तिला वाईट वाटलं आणि ते तिच्या आवाजात आलं.

पुढचा सगळा आठवडा ती त्या पेल्याकडे बघत राहिली. औषधाला घाबरणारी ती, सकाळ-दुपार आठवणीनं पुड्या घेणारी ती, आणि तिच्या नशिबी तांदळाची पिठी. युरेला त्याचं काहीच नव्हतं. तो पोट फुगतं म्हणून कुरकुरायचा, दुपारची पुडी कपात ओतून झाडाच्या बुंध्याशी टाकायचा. "असली चांगली वस्तू मातीत घालतोस," असं ती दोनदा म्हणाली. "मला मिळाली असती तर," असंही एकदा म्हणाली. नंतरच्या वर्षांत ती स्वतःला हेच पुन्हा पुन्हा विचारायची, की मी मागितलं का? शब्दानं मागितलं नव्हतं. पण भाऊ होता तो. बहिणीचं मन त्याला शब्दांशिवाय कळायचं.

आठव्या दिवशी त्यानं आपलं खोकं टेबलावर तिच्यापुढे सरकवलं.

"घे बाई एकदाची. तुझं पाणी मला दे. सुटलो."

"त्या मुलीनं सांगितलंय, करायचं नाही म्हणून."

"त्या मुलीला कोण सांगतंय?"

"तिचा अभ्यास बिघडेल रे."

"साठ-सत्तर माणसं आहेत त्यात. आपण दोघांनी काय बिघडतंय? नाहीतरी मी ती झाडालाच घालतोय. झाडाचं कोलेस्टेरॉल मोजणार आहे का ती?"

नेवेंका हसली, आणि तिनं खोकं जवळ ओढलं.

पुढचं तिनं अगदी बारकाईनं केलं. युरेच्या पुड्या ती प्यायची आणि रिकाम्या झाल्या की हातानं सरळ करून युरेच्याच खोक्यात रचून ठेवायची. तिच्या पुड्या तो प्यायचा, त्या तिच्या खोक्यात. पुडीवरचा आकडा खोक्यावरच्या आकड्याशी ती दर वेळी ताडून बघायची. सहाव्या आठवड्याला टॅम्झिननं दोघांच्या रिकाम्या पुड्या मोजल्या आणि म्हणाली, "तुमच्यासारखी माणसं मला आणखी दहा मिळाली असती तर किती बरं झालं असतं." परतताना गाडीत युरे म्हणाला, "चांगली पोर आहे," आणि त्यानं रेडिओ लावला.

जूनच्या शेवटी निकालाची पत्रं आली. नेवेंकाचं उतरलं होतं, सहा पॉइंट एकवर. स्वयंपाकघरात उभ्यानंच तिनं ते तीनदा वाचलं. इतका आनंद तिला बऱ्याच वर्षांत झाला नव्हता. युरेच्या पत्रात आकडा होता सात पॉइंट पाच. रक्तदाबही जास्त होता. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, हे पत्र लवकरात लवकर आपल्या डॉक्टरांना दाखवावं. वरती टॅम्झिनचा फोनही आला. युरेनं तो घेतला आणि नेवेंकाला ऐकू यावं म्हणून कानापासून जरा लांब धरला.

"युरे, तुम्ही इतक्या नेमानं घेतलंत. तरी उतरलं नाही, म्हणून मला काळजी वाटते. तुम्हाला काय मिळालं होतं ते मला अजून माहीत नाही, पण काहीही असलं तरी तुमच्या डॉक्टरकडे जा. या आठवड्यातच जा. जाल ना?"

"जातो की," युरे म्हणाला. "तू कशाला जीव टाकतेस? जातो." आणि त्यानं बहिणीकडे बघून डोळा मारला.

फोन ठेवल्यावर दोघं हसली. ते हसू नेवेंकाला पुढे फार छळणार होतं. पण त्या वेळी सगळं किती सरळ वाटलं होतं! त्याचं उतरलं नाही, कारण औषध मी घेतलं. हिशेब जुळत होता. घाबरण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

"तुझं उतरणार कसं?" ती म्हणाली. "पिठी प्यायलास तू बारा आठवडे. आता औषधवाल्याकडून खरं इसबगोल आण आणि सोमवारपासून घे. तीन महिन्यांत उतरेल, माझ्यासारखं. मग डॉक्टरला दाखवायचंच असलं तर चांगला आकडा घेऊन जा."

"बघ, तू म्हणतेस तर."

तिनं म्हटलं, आणि त्यानं ऐकलं. ते पत्र तिनंच टेबलावरून उचलून विजेच्या बिलांबरोबर खणात ठेवलं. युरेनं बरणी आणली आणि नऊ दिवस घेतली. मग जुलै आला, म्हणजे इथली थंडी. नातलग जमले, डुकराचं मांस दळून मसाला घालून सॉसेज भरायचा दिवस झाला, परसात धुरी पेटली, आणि बरणी कपाटात मागे गेली. नेवेंकानं एकदोनदा आठवण केली. "अगं हो, घेतो," तो म्हणायचा. तिच्या स्वतःच्या पत्राला तिनं फ्रिजवर जागा दिली होती.

नोव्हेंबरात एका रविवारी, भर दुपारी, युरे क्लबाच्या मागच्या वाळूत बोच्चे हा गोळ्यांचा खेळ खेळत होता. लोखंडी गोळा टाकायला तो वाकला आणि तसाच गुडघ्यावर बसला. सोबत्यांना वाटलं गंमत करतोय. "ऊठ रे नाटक्या, हरलास तर हरलास," एक जण म्हणाला. मग त्यांनी त्याचा चेहरा पाहिला.

तो वाचला. पण हृदयाचा मोठा भाग निकामी झाला होता. चौथ्या दिवशी हृदयाचे डॉक्टर खाटेपाशी उभे राहिले आणि हातातल्या कागदावर लिहीत विचारू लागले. "यापूर्वी कधी रक्त तपासलं होतं? कोलेस्टेरॉल जास्त आहे, असं कुणी सांगितलं होतं का?"

नेवेंका खाटेच्या दुसऱ्या बाजूला बसली होती. तिनं तोंड उघडलं.

"नाही," युरे म्हणाला. "कुणी नाही. मी डॉक्टरांच्या वाऱ्याला उभा राहणारा माणूस नाही."

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. "मुलं आहेत? त्यांनाही तपासून घ्यायला सांगा. असे आकडे पुष्कळदा घराण्यात असतात. बहिणीचंही जास्त आहे म्हणता ना?"

"एक मुलगी आहे. सांगतो."

ते गेल्यावर नेवेंका म्हणाली, "खोटं का बोललास?"

"मग काय सांगू? की बहिणीनं माझं बेडकाचं अंडं खाल्लं म्हणून?" त्याला हसायचं होतं, पण खोकला आला. "उगाच तुला चार गोष्टी ऐकवल्या असत्या त्यानं. झालं ते झालं."

तपासून घे, हे मात्र मिर्नाला त्यानं सांगितलं नाही. पोर घाबरेल, पुन्हा शाळा सोडून धावत येईल, असं तो म्हणायचा. पण नेवेंकाला तर सांगता आलं असतं. मिर्ना दर रविवारी फोन करायची, बराच वेळ बोलायची, पप्पांना काय खायला घातलंस ते विचारायची. एकदा नेवेंकानं सुरुवातही केली. "मिर्ना, तू कधी रक्त तपासलंयस का गं?" पण पुढचा प्रश्न तिला आधीच ऐकू आला. पप्पांचं कधीपासून जास्त होतं, आत्या? आणि ती म्हणाली, "काही नाही, सहज. दमल्यासारखी वाटतेस आवाजावरून."

युरे आणखी पावणेदोन वर्षं जगला. कुदळ त्याला उचलवत नव्हती. मागच्या पट्टीत पालक गुडघाभर वाढून फुलावर आला, तरी त्यानं त्याच्याकडे बघायचं टाळलं. शेजारच्या नव्या घरातली बाई एकदा कुंपणावरून म्हणाली, "तुम्ही नाही का आता लावत काही?" तर तो म्हणाला, "जमिनीला विश्रांती देतोय." सकाळी पुढच्या ओट्यावर, दुपारी मागच्या, असा तो सावलीबरोबर खुर्ची सरकवत बसायचा. गोळ्या आता रोज सात. नेवेंका त्या मोजून द्यायची आणि त्याच्या घशाखाली उतरेपर्यंत समोरून हलायची नाही. त्याच्या सगळ्या पँटी तिनं आत घेतल्या, एकदा, आणि मग पुन्हा एकदा.

एका दुपारी ओट्यावर तिनं धीर केला. "युरे, ते पत्र मी खणात टाकलं. तू दाखवलं असतंस कदाचित. मीच म्हटलं, आधी इसबगोल घे."

तो समोरच्या घरांच्या छपरांकडे बघत होता.

"ऐकतोयस ना?"

"समुद्रावरचा वारा सुटला बघ," तो म्हणाला. "कपडे काढ दोरीवरचे. सगळे उडतील."

ती उठली आणि तिनं कपडे काढले. परत आली तेव्हा त्यानं डोळे मिटून घेतले होते, आणि तो झोपलेला नाही हे तिला माहीत होतं.

२०११च्या ऑगस्टमध्ये एका सकाळी कॉफीचा कप हातात असतानाच तो गेला. मिर्ना आली. तिनं सगळं हातात घेतलं, पाद्री, फुलं, दुपारचं जेवण. दफनानंतर तिनं नेवेंकाला मिठी मारली आणि म्हणाली, "आत्या, तू नसतीस तर पप्पा इतकेही जगले नसते." नेवेंकानं मान फिरवली. तिथं उभ्या असलेल्या बायकांना वाटलं, भावाच्या दुःखानं तिला बोलवत नाही.

ऑक्टोबरात तिनं एक दिवस दुकान बंद ठेवलं आणि एकटीच बस, मग आगगाडी, मग पुन्हा बस करून विद्यापीठात गेली. टॅम्झिन आता दुसऱ्या खोलीत बसत होती, दारावर नावाची पाटी होती. तिनं नेवेंकाला लगेच ओळखलं. "या! युरे कसे आहेत?"

नेवेंकानं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. खोक्यांचं, पुड्यांचं, रिकाम्या पुड्या सरळ करून रचल्याचं, फोनचं. बसून सांगायला तिला लाज वाटत होती. टॅम्झिनच्या हातातलं पेन केव्हाच थांबलं होतं.

"तो अभ्यास छापून आलाय," ती म्हणाली. "मी लोकांना सांगत असते की माझ्या माणसांनी किती नेमानं केलं. तुमचं उदाहरण देते मी."

"मला ठाऊक आहे, पोरी. चुकलं माझं."

"मी त्यांना फोन केला होता."

"हो."

टॅम्झिन उठून खिडकीशी गेली आणि परत आली. रागावली होती, पण ओरडायची तिची रीत नव्हती. "बसा तरी," ती म्हणाली, आणि नेवेंका बसली. मग जे विचारायला ती तीन गाड्या बदलून आली होती, ते तिनं विचारलं.

"ते त्यानं घेतलं असतं, मी घेतलं नसतं, तर तो जगला असता का?"

टॅम्झिननं पेन टेबलावर ठेवलं. "इसबगोलानं थोडं उतरतं. थोडंच. साडेसातचं सात झालं असतं, फार तर. त्यांना गोळ्याच लागणार होत्या. नुसत्या इसबगोलानं ते वाचले असते असं मी म्हणणार नाही."

दोन वर्षांत पहिल्यांदा नेवेंकानं पुरता श्वास घेतला. पण टॅम्झिनचं बोलणं संपलं नव्हतं.

"पण पत्रातला आकडा खरा होता, नेवेंका. भुकटी कुणी का घेतली असेना, रक्त त्यांचंच होतं. जूनमध्ये ते डॉक्टरकडे गेले असते तर जुलैत गोळ्या सुरू झाल्या असत्या. वाचलेच असते असं नाही. पण संधी होती."

नेवेंकानं मान हलवली. हे तिला कळत नव्हतं असं नाही. कुणीतरी तोंडावर म्हणायला हवं होतं, एवढंच.

"त्यांच्या मुलीनं तपासून घेतलं ना?" टॅम्झिननं विचारलं. "दोघा भावंडांचं जास्त, म्हणजे तिचंही असू शकतं."

नेवेंका खाली बघत राहिली.

"अजून नाही?" टॅम्झिनचा आवाज पहिल्यांदा चढला. "आज सांगा तिला. आजच."

त्या दिवशी तिला ते जमलं नाही, पण शनिवारी ती जेराल्डटनच्या बसमध्ये बसली. फोनवर सांगायची गोष्ट नव्हती ती. सहा तासांचा रस्ता, दोन्ही बाजूंना गहू, आणि ती मनात वाक्यं जुळवत होती. तिथं पोचल्यावर त्यांतलं एकही कामाला आलं नाही. मिर्ना स्वयंपाकघरात वह्या तपासत होती. आत्याला न कळवता दारात बघून ती खुशीनं उठली, आणि नेवेंकानं अंगातला कोटही न काढता सांगून टाकलं.

सगळं ऐकून झाल्यावर मिर्नानं हातातल्या लाल पेन्सिलीचं टोक वहीवर टेकवलं आणि तसंच ठेवलं.

"मला एक फोन करायचास, आत्या. एकच. मी शाळा सोडून गाडी हाकत आले असते. कान धरून नेलं असतं त्यांना डॉक्टरकडे. ते माझं ऐकायचे."

"ऐकायचा," नेवेंका म्हणाली. ते खरं होतं.

"आणि त्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी सांगितल्यावर? दोन वर्षं? दर रविवारी बोलायचे मी तुझ्याशी. मी बेचाळीस वर्षांची आहे. मला दोन मुली आहेत." तिचा आवाज फुटला. "तू मला विचारलं होतंस एकदा. दमल्यासारखी वाटतेस म्हणालीस. आठवतंय मला."

"मला भीती वाटली गं."

"कशाची? मी रागावेन याची?"

मिर्ना उठून अंगणात गेली आणि बराच वेळ आली नाही. रात्री तिनं आत्याला जेवायला वाढलं, अंथरूण घालून दिलं, सकाळी बसपर्यंत सोडलं. वाटेत दोघी मुलींच्या शाळेबद्दल बोलल्या.

दहा दिवसांनी मिर्नाचा फोन आला. तिचं सात पॉइंट एक होतं. थोरल्या मुलीचंही वयाच्या मानानं जास्त. मिर्नाला गोळ्या सुरू झाल्या होत्या. मुलीला मोठ्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. "वेळेत कळलं म्हणाले," ती म्हणाली. "ठेवते, आत्या."

फेब्रुवारीत टॅम्झिनचं पत्र आलं. तिनं वरिष्ठांना सगळं कळवलं होतं, ज्यांनी छापलं त्यांनाही. दोघा बहीणभावांचे आकडे काढून टाकून पुन्हा सगळं मांडलं होतं, आणि निष्कर्षात जवळजवळ काहीच फरक पडला नव्हता. तुम्ही येऊन सांगितलंत ते बरं केलंत, असं शेवटी हातानं लिहिलं होतं. साठ-सत्तर माणसांत आपण दोघांनी काय बिघडतंय, असं युरे म्हणाला होता, आणि विद्यापीठापुरतं त्याचं बरोबरच निघालं. नेवेंकाला वाटलं, काहीतरी मोठं बिघडलं असतं तर बरं होतं. कुणीतरी तिच्यावर ओरडायला आलं असतं.

तिनं स्वतः गोळ्या सुरू केल्या. पोटऱ्या धरल्या नाहीत. सहासष्टाव्या वर्षी तिनं दुकान एका फिलिपिनो बाईला दिलं आणि मागच्या पट्टीत जमेल तेवढा पालक लावायला लागली.

रविवारचे फोन बंद झाले होते. मिर्ना ईस्टरला आणि ख्रिसमसला करायची. "बरी आहेस ना, आत्या? गोळ्या घेतेस ना?" एवढं विचारून ती फोन मुलींच्या हातात द्यायची, आणि मुली काय बोलायचं ते न सुचून "हो," "नाही" करत राहायच्या. कधी एक वाकडा शब्द तिनं उच्चारला नाही. पूर्वी दर जानेवारीत, शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागली की, त्या तिघी आठवडाभर राहायला यायच्या. मागची खोली त्यांची असायची. युरे गेल्यानंतरच्या जानेवारीत त्या आल्या नाहीत. मुलींना दक्षिणेकडचा समुद्र बघायचाय, असं मिर्ना म्हणाली. पुढच्या वर्षीही असंच काहीतरी निघालं.

नेवेंका तरी दर डिसेंबरात ती खोली झाडून तिन्ही पलंगांवर धुतलेल्या चादरी घालायची. मार्च लागला की त्या तशाच कडक चादरी काढायची आणि घडी करून कपाटात ठेवायची.